साडेसातची नोंद

"सूनबाई, काठी खाली ठेव!"

मामंजी ओरडले तेव्हा मी स्टुलावर चढून पांगाऱ्याच्या ढोलीत काठीचं टोक खुपसलं होतं. आतून सुकं गवत, कोंबडीची पिसं, सापाच्या कातीचा तुकडा, विडीबंडलाचा कागद असा साळुंक्यांचा अख्खा संसार माझ्या डोक्यावर पडत होता. दोन्ही साळुंक्या कौलावर बसून माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करत होत्या.

"नाही ठेवत," मी म्हटलं.

"ठेव म्हणतो ना! आपण मध्ये पडायचं नाही. किती वेळा सांगितलंय?"

"सुताराची अंडी फोडलीत त्यांनी. ही बघा, खाली पडलीत. तीन होती, तीनही गेली."

"गेली तर गेली. वेळ लिहिलीस का?"

वेळ! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सुतार पक्ष्याच्या त्या जोडीनं पंधरा दिवस चोची झिजवून ती ढोली कोरली होती. खाली भुशाचा ढीग पडला होता. आणि ढोली तयार झाल्यावर या साळुंक्या आल्या, आयत्या बिळात नागोबा. रोज हाणामारी, रोज आरडाओरडा, आणि आज अंडी बाहेर. हे सगळं आम्ही खुर्च्या टाकून बघितलं होतं. एक दगड जरी भिरकावला असता तरी त्या दोन दिवस फिरकल्या नसत्या. पण नाही. मध्ये पडायचं नाही.

"नाही लिहिली," मी म्हटलं आणि उरलेलं गवतही ओढून काढलं.

हेमा मागच्या पायरीवर मटार सोलत बसली होती. माझी नणंद. ती खालमानेनं म्हणाली, "राहू द्या वहिनी. आबा म्हणतात ते बरोबर असेल."

तिच्या त्या बोलण्यानं मला जास्तच राग आला. काठी मी परसाच्या दुसऱ्या टोकाला फेकून दिली.

या गोष्टीला आता बावीस वर्षं झाली. माझं लग्न होऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती. आमचे हे एसटीत कंडक्टर, महिन्यातले निम्मे दिवस मुक्कामी गाडीवर. सासूबाई मी यायच्या आधीच गेलेल्या. म्हणजे घरात बहुतेक वेळा मी आणि मामंजी, दोघंच. मामंजी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. चौतीस वर्षं धरणावर एकच काम केलं त्यांनी, दर तासाला पाण्याची पातळी बघायची आणि वहीत लिहायची. दरवाजे उघडायचे की नाही ते साहेब ठरवणार. "आपण बघायचं आणि लिहायचं," असं ते मोठ्या तोऱ्यात सांगायचे. "जे बघितलं नाही ते लिहायचं नाही, आणि जे लिहिलं ते खोडायचं नाही. माझ्या वहीत चौतीस वर्षांत एक खाडाखोड दाखवा."

निवृत्त झाल्यावर पाणी गेलं, पण वही काही सुटली नाही. जित्याची खोड! परसात खुर्ची टाकून पाखरं बघायची आणि मिनिटासकट लिहायचं. कोण कुठं बसलं, कुणी कुणाला हाकललं, कोण परत आलं. कुठं पाव्हणे म्हणून गेले तरी पिशवीत वही असायचीच. त्या वर्षी त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. लांबचं पुसट दिसायचं, वहीतलं तर अजिबात नाही. ऑपरेशन पावसाळ्यानंतर करू म्हणाले, आणि तोवर लिहायला मी. ते म्हणायचे, "काय चाललंय?" मी बघून सांगायचं आणि लिहायचं. खरं सांगते, सुरुवातीला मला ते आवडायचंही. माणूस शांत होता. पाखरांवरून सोडलं तर कधी आवाज चढवला नाही, कधी ताटातल्या भाजीला नाव ठेवलं नाही. गावात म्हणायचे, सासरा मिळावा तर असा. मीही तेच म्हणायची.

हेमा त्या चैत्रात हळदीकुंकवाचं निमित्त करून आली होती. चार दिवस म्हणाली आणि पंधरा झाले तरी जायचं नाव काढेना. आल्याच्या दुसऱ्या दिवशी मी तिला न्हायला घालायला बसवलं, डोक्यावर तेल थापलं आणि केस बाजूला सारले, तर मानेच्या मागं चार बोटांचे वळ. निळे पडलेले. खाली पाठीवर जुने, पिवळट.

माझ्या हातातली तेलाची वाटी तशीच राहिली. "हे काय गं?"

"गोठ्यात पडले."

"गोठ्याला बोटं असतात होय गं?"

मग ती रडली. न्हाणीघरात, तोंडात पदर कोंबून, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून. लग्नाला चार वर्षं झालेली, आणि पहिल्या वर्षापासून हे चाललेलं. आमटी खारट झाली म्हणून, हाक ऐकली नाही म्हणून, काहीच झालं नाही म्हणूनसुद्धा.

"चल, आत्ताच्या आत्ता मामंजींना सांगते मी."

तिनं ओल्या हातानं माझं मनगट धरलं. "नाही वहिनी. माझ्या गळ्याची शपथ आहे तुम्हाला. आबांना नाही सहन व्हायचं. आई गेल्यावर त्यांनी मला कसं वाढवलंय, तुम्हाला माहीत नाही. त्यांना कळलं तर ते जिवंत राहणार नाहीत. दादालाही नका सांगू, तो भांडायला जाईल आणि मग आबांना कळेल."

"मग तू काय करणार? परत जाणार?"

"आबांनी आपणहून विचारलं ना, तर सांगेन. ते राहा म्हणाले तर राहीन."

झालं! मी शपथेत अडकले आणि ती आशेत. रोज सकाळी ती त्यांच्या खुर्चीशेजारी जाऊन बसायची. कधी मटार, कधी मेथी, कधी नुसतीच. वाट बघायची की आबा विचारतील, हेमा, पंधरा दिवस झाले, सगळं बरं आहे ना? आणि आबा विचारायचे, "ढोलीवर कोण आहे गं आता?"

मला त्यांच्या हातातून ती वही ओढून चुलीत घालावीशी वाटायची. पण मीही काय दिवे लावले? शपथ घातली म्हणून पंधरा दिवस मूग गिळून बसलेच ना!

ज्या दिवशी मी साळुंक्यांचं घरटं उपसलं, त्याच संध्याकाळी शेजारच्या फोनवर निरोप आला. जावई, धैर्यशील त्याचं नाव, परवा हेमाला न्यायला येतोय, बरोबर त्याचे मामा. हेमानं निरोप ऐकला आणि आत जाऊन पिशवी भरायला घेतली. मी तशीच परसात गेले.

"मामंजी, परवा न्यायला येतायत."

"ऐकलं."

"तिला एकदा विचारा तरी, जायचंय का म्हणून."

"असं कुणी विचारतं का? ज्याचा त्याचा संसार असतो."

"तुम्ही बाप आहात तिचे. तुम्ही नाही विचारणार तर कोण, मी?"

ते चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसायला लागले. चष्म्यानं काही फरक पडत नव्हता, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

"तिनं काही सांगितलंय का तुला?"

जिभेच्या टोकावर आलं होतं. पण गळ्याची शपथ. "नाही," मी म्हटलं.

"मग झालं तर. तिनं सांगितलं नाही, आपण उकरायचं नाही. साळुंक्या परत आल्या का गं?"

आल्या होत्या. मी काढून फेकलेलं गवत परत गोळा करून नेत होत्या मेल्या! मी उत्तर न देता आत निघून गेले.

गुरुवारी दहाच्या सुमाराला पाव्हणे आले. धैर्यशील कडक इस्त्रीचा सदरा घालून आला होता, आल्याआल्या मामंजींच्या पाया पडला. त्याचे संपतमामा साठीचे, फेटेवाले, बोलायला गोड. सोप्यात बसून पोहे खाल्ले, चहा झाला. आमचे हे नेमके मुक्कामी गाडीवर. मी दारात उभी. हेमा आत नवी साडी नेसत होती.

संपतमामा म्हणाले, "पाव्हणं, लेकीचं माहेरपण झालं न्हवं? आता लावून द्या. तिकडं घर खायला उठलंय. भांड्याला भांडं लागतं कधीमधी, आपलेच दात आन् आपलेच ओठ. कुणी मनात ठेवू ने."

म्हणजे मामांनाही ठाऊक होतं. निदान वास तरी होता.

"आम्ही काय मनात ठेवणार?" मामंजी म्हणाले. "लेक तुमचीच आहे. सूनबाई, ओटीची तयारी कर."

मी जागची हलले नाही. तेवढ्यात परसातून ठकठक ऐकू आली. मामा म्हणाले, "काय ठोकतंय ओ मागं?"

बस्स! मामंजींचा चेहरा खुलला. मुलगी चाललीय त्याचं काही नाही, पण पाखरांचं कुणी विचारलं की म्हातारा दहा वर्षांनी लहान व्हायचा.

"सुतार आहे. साळुंक्यांनी ढोली घेतली त्याची, म्हणून दुसरी कोरतोय. पण तुम्हाला सांगतो, तुमच्या भाच्याच्या परसातला सुतार याच्यापेक्षा खमक्या. दोन वर्षांमागं मी चार दिवस राहिलो होतो तिथं. आंब्यात ढोली होती. साळुंक्या तुटून पडल्या, पण पठ्ठ्यानं ढोली सोडली नाही."

"आमच्या आंब्यात? आम्हाला कधी दिसला न्हाई."

"दिसायला बसावं लागतं. मिनिटासकट लिहिलंय माझ्याकडे. सूनबाई, दोन वर्षांमागची एप्रिलची वही काढ. ट्रंकेत आहे. एकोणीस तारीख बघ. मामांना वाचून दाखव."

"आणा की," मामा म्हणाले. "आमच्या दारचं पाखरू आम्हाला म्हाईत नसावं म्हणजे काय!"

मी माजघरात गेले. ट्रंक उघडली. वर्तमानपत्राचं कव्हर घातलेल्या, ओळीनं लावलेल्या वह्या. दोन वर्षांमागची एप्रिल काढली, एकोणीस तारखेचं पान उघडलं आणि उभ्यानं वाचलं. मग ट्रंकेवर बसले आणि परत वाचलं.

स्वयंपाकघरात ओटीचं ताट मी आधीच मांडून ठेवलं होतं. तांदूळ, खण, हळकुंड, सुपारी, नारळ. हेमा तिथंच आरशासमोर केस विंचरत होती. वळ झाकतील असा अंबाडा घालत होती.

"वहिनी, आबा काही म्हणाले का?" तिनं आरशातूनच विचारलं.

मला तिच्याकडं बघवलं नाही. "तू पण ये बाहेर," मी म्हटलं. नारळ उचलून ओट्यावर ठेवला, त्याच्या जागी वही ठेवली आणि ताट घेऊन सोप्यात आले.

ताटातली वही बघून मामांनी भुवया वर केल्या. मामंजींना ती नीट दिसली नसावी. ते म्हणाले, "सापडली का? वाच. मोठ्यानं वाच, मामांना ऐकू येऊ दे."

"सगळं वाचू?"

"सगळं. एक ओळ गाळू नकोस."

मग मी वाचलं. ते पान मला आजही पाठ आहे.

"एकोणीस एप्रिल. ठिकाण, हेमाचं घर, परस. सहा चाळीस, सुतार मादी ढोलीत, नर वरच्या फांदीवर. सहा पंचावन्न, साळुंक्या दोन. नर अंगावर धावला. सात पाच..."

मी थांबले. दारात हेमा येऊन उभी राहिली होती.

"वाच की," मामंजी म्हणाले.

"सात पाच, स्वयंपाकघराचं दार उघडलं. जावयांनी हेमाला केस धरून बाहेर ओढलं. चार वेळा मारलं. चौथ्या वेळी ती पडली. सात दहा, आवाजानं सगळे पक्षी उडाले. सात पंचवीस, सुतार मादी परत ढोलीत. अंडी शाबूत असावीत. साडेसात, हेमानं चहा आणला."

मागं तेवढी ठकठक चालू होती.

मामंजींचे हात मांडीवर होते ते तसेच राहिले. त्यांना आठवलं नव्हतं, यावर माझा आजही विश्वास आहे. आणि त्याचाच मला सगळ्यात जास्त संताप येतो. पाखरानं ढोली सोडली नाही हे ध्यानात राहिलं, आणि लेक त्याच परसात पडली ते वहीत घालून मिटून टाकलं.

धैर्यशील उठला. "हा काय चावटपणा लावलाय? द्या ती वही इकडं." त्यानं हात पुढं केला. मी ताट छातीशी धरलं.

"हात लावून बघ," मी म्हटलं. "इथं आता चौघं बघतायत, आणि मी नुसती लिहीत बसणारी नाही."

मामांनी त्याचा सदरा ओढून त्याला खाली बसवलं. मग तो मामंजींकडं वळला, आवाज एकदम मऊ. "आबा, तुम्ही सांगा यांना. असलं काही झालं नव्हतं. तुम्हाला नीट दिसत नाही, काहीतरी भलतंच लिहिलं गेलं असेल."

सगळे मामंजींकडं बघत होते. एक खोटा शब्द बोलले असते तर सगळं परत झाकलं गेलं असतं. हेमा तासाभरात त्या माणसाच्या मागून चालत गेली असती.

"तेव्हा मला नीट दिसत होतं," मामंजी म्हणाले. "लिहिलंय म्हणजे झालं होतं. माझ्या वहीत खाडाखोड नसते."

तेवढं मात्र त्यांच्या पदरात टाकलंच पाहिजे. खोटं बोलले नाहीत.

मामा कसनुसे हसले. "जुनं झालं ओ ते. आता दोन वर्षांपूर्वीचं उकरून काय..."

"जुनं?" मी म्हटलं. "हेमा, अंबाडा सोड."

ती माझ्याकडं बघत राहिली. मग तिनं हात मागं नेला, अंबाडा सोडला, केस पुढं घेतले आणि मामांकडं पाठ केली. पंधरा दिवसांनी वळ फिकट झाले होते, पण चारी बोटं मोजता येत होती. मामांनी मान खाली घातली. शपथ मी मोडली नाही. मी नुसतं वाचलं आणि तिनं दाखवलं.

हेमा वळली. तिचं त्या दोघांकडं लक्षच नव्हतं.

"आबा, तुम्ही परसात होता?"

"होतो."

"मला वाटलं देवळात गेलाय, आंब्यामागं कुणी बसलंय ते दिसलंच नाही. मी चूळ भरली, तोंड धुतलं, पदर डोक्यावरून घेतला. तुम्हाला फुटलेला ओठ दिसू नये म्हणून खाली मान घालून चहा दिला." तिचा आवाज चढला नव्हता. "चार वर्षं मी तुम्हाला जपलं, आबा. तुम्हाला सहन होणार नाही म्हणून."

"तू काही बोलली नाहीस," मामंजी पुटपुटले. "मला वाटलं, तू बोलशील तेव्हा..."

"तुम्ही बघितलं होतं ना!"

त्या घरात एवढ्या मोठ्यानं कुणी ओरडलेलं मी कधी ऐकलं नव्हतं. हेमा तर कधीच नाही. परसातली ठकठकसुद्धा थांबली. तिनं दारात ठेवलेली आपली पिशवी उचलली आणि आत नेऊन ठेवली. आतूनच म्हणाली, "वहिनी, ताट देवापाशी ठेवा. मी कुठं जात नाही."

मामा उठले. फेटा सारखा केला. "चल," ते भाच्याला म्हणाले. तो काहीतरी बोलू पाहत होता, तर त्याच्या दंडाला धरून त्यांनी त्याला पायरी उतरवली.

पुढचं सगळं सोपं झालं असं नाही. कोर्ट झालं, गावानं नावं ठेवली. आमचे हे आधी माझ्यावरच डाफरले, मला का सांगितलं नाहीस म्हणून, आणि मग बहिणीशेजारी बसून लहान मुलासारखे रडले. हेमा बालवाडीवर लागली, पुढं तिथंच मुख्य बाई झाली. साळुंक्यांनी पांगाऱ्यात दोन पिल्लं काढली. सुतार पलीकडच्या नारळावर गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामंजींनी नेहमीसारखी हाक मारली, "सूनबाई, वही." मी गेले नाही. हेमाही गेली नाही. बराच वेळ त्यांनी वाट बघितली. त्यानंतर खुर्ची परसात असायची, पण वही नाही. हेमा त्यांचं जेवणखाण, औषधपाणी सगळं करायची, काही कमी केलं नाही तिनं. पण शेजारी जाऊन बसली नाही कधी.

अकरा वर्षांनी ते गेले. बाराव्यानंतर मी आणि हेमानं ट्रंक आवरायला काढली. ती वही हातात आली. ती आपोआप त्या पानावर उघडली, इतकं ते उघडून झालं होतं. ऑपरेशननंतर कधीतरी त्यांना दिसायला लागलं तेव्हाचं असणार. एक ओळ खोडलेली होती. सात पाचची नाही, ती तशीच होती. खोडली होती साडेसातची. पेननं रेघेवर रेघ मारून, कागद फाटेपर्यंत. सबंध आयुष्यातली एकच खाडाखोड.

माझा राग उसळून आला. आता खोडून काय उपयोग! पुढ्यात असते तर तोंडावर बोलले असते.

हेमानं पान उजेडात धरून बघितलं.

"त्या दिवशी माझे हात कापत होते," ती म्हणाली. "चहात साखर घालायचीच राहिली. ते उठून गेल्यावर कप विसळताना पातेल्यातला उरलेला घोट चाखला, तेव्हा मला कळलं." तिनं वही मिटली आणि रद्दीच्या ढिगावर ठेवली. "सगळा प्यायले होते, वहिनी. तेव्हाही काही बोलले नाहीत."